चौदा प्लगइन आणि अकरा बोळकी

सोमवार, ४ मार्च
दिमोकाकांच्या कवळ्यांच्या लॅबमधला आमचा प्रोग्रॅम शनिवारपासून उघडताच कोसळतोय. कारण मला दोन मिनिटांत सापडलं. तोंडाचं माप घेणाऱ्या जुन्या स्कॅनरला एक लायब्ररी (तयार कोडचा गठ्ठा) जुनी लागते, कवळी छापणाऱ्या नव्या प्रिंटरला तीच नवी. दोन जावा, एक चूल. प्लोवदिव शहरात अकरा माणसं बोळकी घेऊन बसलीत. त्यांत माझ्या सासूबाई. रविवारी त्यांच्या नातवाचा बाप्तिस्मा.
रादोस्तिना (ऑफिसात आम्ही दोघंच) म्हणाली, स्कॅनरपुरता वेगळा छोटा प्रोग्रॅम करू. दुपारभराचं काम.
ठिगळ! मी थोरला, निर्णय माझा. प्लगइन आर्किटेक्चर! प्रोग्रॅमचा प्रत्येक भाग सुटा, हवा तेव्हा जोडायचा. प्रत्येकाची चूल वेगळी, भांडी वेगळी. बुधवारी संपवतो. गुरुवार कौतुकासाठी मोकळा ठेवलाय.

मंगळवार
स्कॅनरचा प्लगइन झाला. (जवळजवळ.) हात असा चालला की मेनूचाही केला. रंगांचाही. 'बंद करा' बटणाचाही.
सासूबाईंचा फोन. दातांशिवाय बोलणं नीट कळत नाही, पण 'जावईबापू' आणि 'कधी' हे दोन शब्द स्पष्ट होते. उद्या, म्हणालो.

बुधवार, ११.४०
चौदा प्लगइन! प्रोग्रॅम पापणी लवायच्या आत उघडतो. आत काही नाही. पांढरंशुभ्र. डोळे भरून आले.
रादोस्तिना म्हणाली, उघडतो छान. मग करतो काय?
लोकांना घाई फार.

गुरुवार
प्लगइन उचलून आणणारा जो भाग लिहिला, त्यालाही तीच जुनी लायब्ररी लागते. म्हणजे त्याचाही प्लगइन हवा. मग तो कोण उचलणार? फार मोलाचा प्रश्न. दिवसभर फळ्यावर बाण काढले. उत्तर: शुक्रवार.

शुक्रवार, ४.१५
चाललं!!! स्कॅनरने दिलं, प्रिंटरने घेतलं, भांडण नाही! ऑफिसात नाचलो. एक खुर्ची मोडली.

५.३०
दिमोकाकांचा फोन. सासूबाईंची कवळी छापून आली, पण चिमट्याने शोधावी लागली. माझा स्कॅनर इंचात सांगतो, माझा प्रिंटर मिलिमीटर समजतो. किरकोळ. दात अठ्ठावीस, सगळे जागच्या जागी!
काका म्हणाले, "अरे स्पास, म्हातारीला दात हवेत, खसखस नव्हे."

शनिवार
रादोस्तिनाने काल परस्पर तिचं ठिगळ लॅबमध्ये लावलं. मंगळवारीच लिहून ठेवलं होतं म्हणे. मला दोनदा सांगितलंही. मी फळ्याजवळ असणार.
अकराही कवळ्या तयार.

रविवार
चर्चनंतर जेवण. सासूबाईंनी कोकराची बरगडी कडाकड फोडली. टाळ्या. मग खणखणीत आवाजात विचारलं, हे केलं कोणी? मी आर्किटेक्चर समजावू लागलो.
"जावईबापू," त्या म्हणाल्या, "त्या मुलीचं नाव सांगा."

सोमवार, ११ मार्च
रादोस्तिनाने माझे प्लगइन एकेक करून काढले. चौदाही. प्रोग्रॅम चालूच. कुणाला कळलंसुद्धा नाही. (इतकं सफाईदार वेगळेपण कुणाला जमतं?)
मग हळूच म्हणाली, स्पास, आठवडाभर तू तक्रारींचे फोन घेशील का? जोखमीचं काम. लगेच हो म्हणालो. नवी वही, दोन पेनं.
अकरापासून बसलोय. आता साडेपाच. एकही फोन नाही. सगळ्यांचं सगळं व्यवस्थित चालू आहे.