पंधरावा क्लब

प्रिय बाबा,

काल तुमची गाडी विकायला काढली. आईला चालवता येत नाही आणि माझ्या दारात दुसरी गाडी मावत नाही. डिकी रिकामी करत होतो, तर पिकनिकच्या चटईखाली तुमच्या जुन्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. उघडून बघतो तर आपला जुना गोल्फ क्लब, तो सेव्हन आयर्न! हॅरोच्या त्या रस्त्यावर, शेजारी बघत असताना, मी तो दोन्ही हातांत धरून फटक्याचा पवित्रा घेतला.

मला वाटत होतं, तुम्ही तो कधीच फेकून दिलात. आणि त्याची ग्रिप चक्क नवी! ग्रिपचं रबर पडून पडून कडक होतं, हे तुम्हीच मला शिकवलंत ना? हे रबर मऊ होतं. म्हणजे बसवून फार दिवस झालेले नव्हते. कुणासाठी बसवलीत बाबा? विचारायला तुम्ही नाही आहात, म्हणून हे लिहायला बसलोय.

शिवाय उद्या खंडेनवमी. तुमच्याशिवायची पहिली. आई म्हणाली, "वर्षाच्या आत सण नसतात रे, यंदा पूजा नाही." बरोबर आहे तिचं. पण मागच्या अंगणातल्या कुंड्यांत झेंडू तिनेच लावलाय, सवयीने. तो आपला फुललाय मस्त, त्याला कोण सांगणार?

हा सेव्हन आयर्न तुम्ही जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणलात तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. पुण्याहून इकडे परदेशात आलेला, शाळेत कुणी खेळायला न घेणारा. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, गोल्फ कोर्सवर आपण दोघं त्या एका क्लबवर खेळायचो. एक फटका तुमचा, एक माझा. तुमचा बॉल नेहमी झाडीत, आणि तो शोधायला मी! आई म्हणायची, "हे काय खूळ घेतलंय बापलेकांनी?"

त्या खुळातून मी व्यावसायिक गोल्फच्या मोठ्या टूरवर पोचलो, आणि तो सीझन आला. मी कॅडी शोधत होतो. तुम्ही कौन्सिलची नोकरी लवकर सोडून मोकळे! "बॅगच उचलायची ना? तुला आख्खा उचलून फिरलोय मी."

काय सीझन होता तो, बाबा! स्कॉटलंडच्या वाऱ्यात तुमची कानटोपी. आयर्लंडच्या त्या बी-अँड-बी लॉजमध्ये तुम्ही खोलीत कुकर लावलात आणि शिट्टी झाल्यावर मालकीणबाई फायर अलार्म समजून गाऊनवरच बाहेर पळाल्या! मग त्याच बाई आपल्याबरोबर बसून मेतकूट-भात खाऊन गेल्या. मी लाजेने अर्धा झालो होतो. आज तीच गोष्ट मी सगळ्यांना रंगवून सांगतो.

आणि ग्रीनवर, होलभोवतीच्या हिरवळीवर, तुम्ही माझ्यामागे वाकून उताराचं माप हळूच सांगायचात, "दोन सुपाऱ्या डावीकडे." जास्त उतार असला की, "एक वाटी, नंदोबा, आमटीची." बाकीच्यांचे कॅडी कान टवकारायचे, त्यांना कप्पाळ कळणार! पण बॉल जायचा की नाही? जायचाच.

मग ती शेवटची टूर्नामेंट. सीझनच्या यादीत मी रेषेच्या जरासा खाली होतो. रेषेच्या वर आलो तर पुढच्या वर्षीचं कार्ड, नाहीतर टूरवरून बाहेर. दोन दिवस नीट निभावून कट पार करायचा, म्हणजे शनिवार-रविवार खेळायला मिळणार, तेवढं पुरलं असतं. कोर्स घरापासून तासाभरावर. वर्षभर परक्या गाद्यांवर झोपलेले आपण त्या आठवड्यात घरी राहिलो. तेच नडलं.

टूर्नामेंटच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी अंघोळ करून खाली आलो, तर तुम्ही पुढच्या खोलीत टेबलावर सगळे क्लब ओळीने मांडलेले. हळद-कुंकू, अक्षता, अंगणातला झेंडू. मध्यभागी हा जुना सेव्हन आयर्न. "पहिला मान त्याचा," म्हणालात. पूजेतली हत्यारं त्या दिवशी वापरायची नसतात, हे मी आठवण करून दिलं, तर म्हणता, "देवाला सांगितलंय मी, आमची खेळायची वेळ ठरलेली आहे, जरा समजून घे." मग आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ट्रॅफिक लागेल, निघा!" आणि तुम्ही भराभर टेबलावरचं सगळं बॅगेत भरलंत.

सगळं.

बॅगेत चौदा क्लब. त्याच्या वर एक जरी निघाला तरी दंड. म्हणून तर तुम्ही रोज पहिल्या टी-वर, खेळ सुरू होतो तिथे, मोठ्याने मोजायचात. "एक, दोन, तीन..." शेवटी "चौदा! चला." सगळे हसायचे. एक दिवस चुकला नाहीत.

त्या दिवशी बॅगेतून झेंडूच्या पाकळ्या पडल्या. आपल्याबरोबर खेळणाऱ्याचा कॅडी अॅलन, तो दाढीवाला स्कॉटिश, त्याने विचारलं, हे काय? झालं! तुम्ही खुललात. रामापासून सुरू केलंत, पांडवांची हत्यारं, शमीचं झाड, खंडेनवमी, दसरा. तो बिचारा खरंच मन लावून ऐकत होता. वर्षभरात तुम्हाला तिथे असं कुणी काही विचारलंच नव्हतं हो! तुमचा चेहरा काय फुलला होता! तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. आणि मोजायचं राहिलं.

तिसऱ्या होलवर मला सेव्हन आयर्न हवा होता. हात घातला तर दोन लागले. एक हा जुना, कुंकवासकट.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुमच्याही ते लक्षात आलं होतं. बाकी कुणाचंच लक्ष नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही हात वर करून रेफरीला बोलावलंत. "माय मिस्टेक, सर." खेळून झालेल्या दोन होल्सचे दोन-दोन, असे चार फटके दंड. तो क्लब तुम्ही बॅगेत उलटा खोचलात, डोकं खाली, म्हणजे तो आता खेळात नाही, आणि उरलेला सगळा कोर्स तसाच खांद्यावरून वाहिलात. त्यानंतर सुपारी नाही, वाटी नाही. विचारलं तर नुसतं "सरळ मार."

कट दोन फटक्यांनी हुकला. कार्ड गेलं.

घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणालात, "नंदू, आता दुसरा माणूस बघ."

मी रागावलो नव्हतो हो! किती वेळा सांगितलं तुम्हाला! क्लब मोजणं ही खेळाडूची जबाबदारी, नियमातच लिहिलंय तसं. कोण म्हणालं तुम्हाला, 'माय मिस्टेक' म्हणा म्हणून? हातापाया पडलो, आईकरवी सांगून पाहिलं, एकदा तर भांडलोसुद्धा. तुमचं आपलं एकच. "माझ्यामुळे गेलं तुझं." हट्टी तो हट्टी माणूस!

पुढे छोट्या टूरवर खेळत राहिलो, तर तुम्ही पहाटे उठून मला गाडीने सोडायला तयार. पण गेटच्या आत पाऊल नाही. दिवसभर कार पार्कमध्ये थर्मास घेऊन बसायचात. मी आत उताराचा अंदाज चुकून फटके घालवतोय, आणि दोन सुपाऱ्या सांगणारा माणूस बाहेर गाडीत बसलाय! हे सहन व्हायचं नाही मला. तुम्ही शिक्षा स्वतःला केलीत बाबा, पण त्यात मीही होतो. एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?

लोक म्हणतात, चार फटक्यांनी याचं करिअर गेलं. साफ खोटं. कार्ड पुन्हा मिळवता आलं असतं. माझे बाबा मला पुन्हा मिळाले नाहीत, म्हणून राहिलं ते. आता मी रीडिंग गावाजवळच्या क्लबात गोल्फ शिकवतो, बरं चाललंय. पण ग्रीनवर वाकलो की अजून मागे कान जातो.

मार्चमध्ये तुम्हाला निरोप द्यायला क्रेमटोरियमला अॅलन आला होता. दाढी पांढरी झालीये. तोही नंतर छोट्या टूरवर आला होता, तुम्हाला माहीतच आहे. माहीत कसलं, तुमचं तर मेतकूटच जमलं होतं! मला आता कळतंय! माझा हात धरून म्हणाला, "तुझे बाबा मला प्रत्येक टूर्नामेंटच्या सकाळी फोन करायचे. कार पार्कमधून. एकच प्रश्न. त्याने क्लब मोजले का?"

म्हणून हा माणूस दर वेळी पहिल्या टी-पाशी येऊन माझ्या बॅगेत डोकवायचा! मी त्याला भोचक समजत होतो. बाबा, तुम्ही गेटबाहेर बसून माझे क्लब मोजत होतात? इतकी वर्षं? आणि मला एका अक्षराने कळू दिलं नाहीत? तिथे सगळ्यांसमोर मी ओक्साबोक्शी रडलो. आई माझी पाठ चोळत होती आणि मला तिला कारणही सांगता येईना.

काल संध्याकाळी तिला सगळं सांगितलं, क्लब दाखवला. तिने ग्रिपवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दर वर्षी बदलायचे रे. शेडमध्ये बसून. मी विचारलं तर म्हणायचे, असू दे, त्याने कधी मागितला तर?"

मी मागायला हवा होता का बाबा? पण तुम्ही तो जपलाय, हे मला कुठे माहीत होतं?

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे प्रो खेळाडूंची एक लहानशी टूर्नामेंट आहे. तुम्हाला शब्द देतो. माझा नवा सेव्हन आयर्न घरी राहील, त्याच्या जागी तुमचा जाईल. यंदा कुंकू नाही, फूल नाही, आईचं ऐकणार मी. पण पहिल्या टी-वर उभा राहून मोठ्याने मोजीन, मराठीत. कुणाला हसायचं ते हसू दे. आणि हे त्या एका दिवसापुरतं नाही, खेळेन तोवर.

आता अॅलनला फोन करू नका. मीच सांगतो.

मोजले, बाबा. चौदा. त्यात एक तुमचा आहे. चला ना आत.

तुमचा,
नंदू