जाळीमागचा बिबट्या

माय, तू गेलीस त्याला लई वर्षं झाली. पाटोद्यातला आपला स्टुडिओ अजून चालू आहे, ब्रश आणि रंगाच्या बाटल्या जाऊन तिथं आता कॉम्प्युटर आलाय. बाबा फोटो काढायचे आणि तू स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून ते दुरुस्त करायचीस, बाजूला वरण रटरटत असायचं. शाळांच्या सहलींचे फोटो आले की वाघाच्या तोंडावर हमखास मळक्या लेन्सचे डाग. ते तू बारीक ब्रशनं घालवायचीस, पण पिंजऱ्याच्या जाळीला हात लावायची नाहीस. मी एकदा विचारलं तर खेकसलीस, "डाग काढते, जाळी कशापायी काढू? जनावर कुठं हाय ते बघणाऱ्याला कळू दे की." मला वाटलं, हिला जमत नसेल.

मला जमतं. यंदा कापूस फुटायच्या दिवसांत गल्लीतला एकजण प्राणीसंग्रहालय बघून आला. मोबाइलमध्ये बिबट्या, पुढं गंजकी जाळी, मागं वाळकं गवत. "दादा, जाळी उडवा ना, लई भारी दिसंल." दुपारभर बसून एकेक तार पुसली, तारेखाली झाकलेले ठिपके भरले, मिशा नव्यानं काढल्या. काम झकास झालं. इतकं झकास की कुण्या शहाण्यानं 'आपल्या शिवारात बिबट्या, एकटं फिरू नका' असं लिहून तो फोटो गावोगावच्या ग्रुपवर सोडला. झालं! वेचणीच्या बाया घरी बसल्या. आपल्या शेजारच्या काकूंचा कापूस फुटून लोंबतोय, वर आभाळ भरलेलं. काका गेल्यापासून काकूंचं सगळं त्या कापसावर. पाऊस पडला असता तर मातेरंच.

मी मूळ फोटो घेऊन बायांकडं गेलो. "हे बघा, जाळी हाय. पिंजऱ्यातला हाय." त्यांच्यातली थोरली फोटो निरखून हसली. "जाळी तुमी आत्ता टाकली असंल. तुमचं कामच हाय ते. काकूचा कापूस निघावा म्हणून आमाला येडं बनवता व्हय?" कप्पाळ! स्वतःचाच राग आला.

मग मीच वेचायला गेलो. एकटा माणूस निर्धास्त वेचतोय हे दिसलं की बाया येतील, असा माझा अंदाज. त्या आल्याही, पण बांधावर उभ्या राहून बघत बसल्या. मी ऐटीत ओळीत शिरलो. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली तरी मान वर केली नाही. आणि कापसाच्या पऱ्हाटीत काहीतरी खसफसलं. माय, त्या बिबट्याच्या मिशा मी माझ्या हातानं काढलेल्या, तरी मी कापूस टाकून पळालो, "मायऽऽ" असं बोंबलत. मागून निघालं काकूंचंच कुत्रं. बाया हसून हसून खाली बसल्या, आणि हसता हसताच रानात उतरल्या. कापूस पावसाच्या आत घरी आला.

त्या अजून मला चिडवतात आणि मी हसण्यावारी नेतो. हे पत्र कुठं टाकणार, ठेवून देईन. पण एक सांगतो, तू गेलीस आणि तुला उचलून न्यायला आले तेव्हा सगळे रडत होते आणि मी भिंतीला टेकून गप्प उभा होतो. तुला हाक मारली ती थेट यंदा, कापसात.