कागदावरचा ड्रायव्हर

५ जाने. १९६०
शर्यतीत उतरायला परत नकार. मोटर क्लबचे सेक्रेटरी ठाकूरसाहेब इतकं गोड बोलून नाही म्हणतात की भांडताही येत नाही. "भाभीजी, लेडीज के लिए अलग प्रोग्राम रखा है." काय, तर बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवायचा आणि तो न सांडता पिंपांना वळसा घालायचा. सोळाव्या वर्षी मी अप्पांची सर्व्हिस मोटर आंबा घाटातून खाली आणली आहे. आत माणसं, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. आणि आता पेला सांभाळू. मी आपली चहा घेऊन, हसून, नमस्कार करून आले. घरी पोचेपर्यंत स्वतःचाच संताप झाला.

८ जाने.
आमचे हे म्हणाले, "एवढं काय अडलंय, वसू? गाडी आहे, रस्ता आहे, पळव की आग्रा रोडवर." एवढे कॅप्टन झाले, पण एवढं कळत नाही. एकटीने पळवणं वेगळं, आणि शेजारी दहा जण जिवावर उदार होऊन पळवत असताना...
इथल्या शर्यतीत पहिल्या तिघांत आलं की क्लबचा दाखला मिळतो. दाखला असेल तरच मद्रासच्या मोठ्या शर्यतीला घेतात. मला तो दाखला हवाय. दागिना नको, साडी नको.

१४ जाने. संक्रांत
हळदीकुंकू. क्वार्टर्समधल्या मराठी बायका आम्ही इनमिन पाच. जोशीवहिनी म्हणाल्या, "तुम्ही शर्यतीत गेलात तर स्वयंपाक कोण करणार?" म्हटलं, मीच, तोही शर्यतीसारखाच करते. सगळ्या हसल्या. तिळगूळ तोंडात होता म्हणून पुढचं बोलले नाही. वर आभाळ पतंगांनी भरलेलं, इथे आजच उडवतात.

१९ जाने.
ठाकूरसाहेबांनी तोडगा काढला. फॉर्म ह्यांच्या नावाने भरायचा, हे शेजारच्या सीटवर बसणार, चालवायची मी. कमिटीत कोणी कुरकुर केली तर नवरा गाडीत होता असं सांगता येईल. "कागज़ की ही तो बात है, भाभीजी."
बाकी सगळे एकेकटे, मी मात्र एकशेसत्तर पौंडांचा नवरा घेऊन. तरी लगेच हो म्हटलं. नाव कोणाचं का असेना, पाय तर माझाच.

२३ जाने.
ठकीला (आमची निळी गाडी, हे नाव माझं) गावातल्या घाट दरवाज्याला रहमत मिस्त्रींकडे नेलं. म्हातारबाबा अर्धा तास इंजिनाशी गप्पा मारत होते. "बाईसा, पीछे की सीट निकाल देते हैं. साहब का वज़न कहीं से तो कम करना पड़ेगा."
ह्यांचं तूप बंद केलं आहे. दोन दिवस तोंड फुगवून जेवताहेत.

३१ जाने. रवि.
शर्यत. गावाबाहेरची जुनी धावपट्टी, दहा फेऱ्या, अकरा गाड्या. नुसती वाळू. सुरुवातीला आठवी होते. तिसऱ्या फेरीत हे म्हणाले, "वसू, हळू." नंतर डोळे मिटून दाराला धरून बसले. पिंपांच्या वळणावर सगळे बाहेरून जात होते, आत वाळू आहे म्हणून. मी आतून काढली. मागचं चाक सरकलं, पण ठकी सरळ झाली. तिथे तिघांना मागे टाकलं. नवव्या फेरीत पुढच्या दोघांची इंजिनं तापली, थांबले बिचारे.
तिसरी. मी तिसरी आले.
उतरल्यावर ह्यांनी चारचौघांत माझा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदाच. मग नाव पुकारलं, ह्यांचं. हे जाऊन करंडक घेऊन आले. मी टाळ्या वाजवल्या.

१० फेब्रु.
दाखला आला टपालाने. 'चालक: कॅप्टन शरद साने. तिसरा क्रमांक.' सोबत मद्रासचं बोलावणं, तेही त्यांनाच. पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. माझं नाव कुठेच नाही.
नसणारच. जो फॉर्म भरला त्यावरूनच दाखला निघतो. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मूर्ख, मूर्ख, मूर्ख.

१२ फेब्रु.
ठाकूरसाहेबांकडे. "मैंने तो खुद देखा है, गाड़ी आप चला रही थीं." मग तसं लिहून द्या म्हटलं. नाही. कॅप्टनसाहेबांनी स्वतः चिठ्ठी द्यावी की चालवत ते नव्हते, मग बदलतो. शनिवारी, वीस तारखेला सगळे कागद मद्रासला जातात. त्यानंतर काही नाही.

१३ फेब्रु.
चिठ्ठी मीच लिहिली. इंग्रजीत, चार ओळी. सही तेवढी ह्यांची. "करतो. ठेव टेबलावर."

१४ फेब्रु. रवि.
मेसमध्ये दुपारचं जेवण. कर्नलसाहेब ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना म्हणाले, "ये हैं हमारे रेसर." मी शेजारीच उभी. वाट बघितली. हे हसले. "अरे नहीं सर, बस लक था."
लक.
परतताना गाडीत ह्यांनीच विषय काढला. "सगळ्यांसमोर काय सांगू? बायको चालवत होती आणि मी डोळे मिटून बसलो होतो?" लाज वाटत असेल, कळतं मला. पण मग माझं काय, ते त्यांनी विचारलं नाही.

१७ फेब्रु.
सही नाही. विचारलं. "आधी कर्नलसाहेबांच्या कानावर घालावं लागेल. चिठ्ठी फिरत त्यांच्यापर्यंत गेली तर मी खोटारडा ठरेन."
कधी घालणार?
"बघतो."
स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे वाईट नाहीत हो. शेजारी बसले म्हणून तर शर्यत मिळाली, तेही मला माहीत आहे. पण त्याच उपकाराखाली आता तोंड उघडायची चोरी. पोळ्या करपल्या, तशाच वाढल्या.

१८ फेब्रु. गुरु.
सकाळी चहाच्या वेळी हे आपणहून खुर्ची ओढून जवळ बसले. चिठ्ठी समोरच होती. मला वाटलं, झालं एकदाचं.
"वसू, त्या पिंपांच्या वळणावर तू गिअर कधी बदलायचीस? वळायच्या आधी, की वळताना?"
"कशाला?"
"ते नवे लेफ्टनंट रोज विचारतात. काहीतरी धड सांगायला हवं ना."
हातात पेन्सिल होती, छोटी वही होती. खरंच लिहून घेणार होते.
मी म्हटलं, "आधी सही करा. मग गिअर सांगते."
ह्यांनी वही खिशात टाकली, टोपी घातली, आणि गेले.
परवा शनिवार.