हातांवर बसणारी मुलगी

४ ऑगस्ट

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझी खुणांची कार्डं पोचली, एकही दुमडलेलं नाही. बाळाच्या कानांची तपासणी झाल्यापासून आमच्याकडे सगळे हळू आवाजात बोलतात. ज्याला मुळी ऐकूच येत नाही, त्याच्या झोपेची केवढी काळजी.

तू म्हणालीस तशी आधी चिमणीला शिकवायला घेतली. पाच वर्षांची पोर, तोंडाची टकळी दिवसभर चालू, तिचे हात कसले बोलणार असं वाटलं होतं. पण ढ निघाले मी. दुकानात चष्म्यांचे बारीक स्क्रू आवळणारी माझी बोटं खुणा करताना लाकडी होतात. परवा मी बाळाला ‘दूध’ म्हणाले, ते चिमणीच्या मते ‘पुरे’ होतं. बाळ बिचारा बाटलीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला.

ह्यांना हे फारसं पटलेलं नाही. कानाच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय, की हातांची सवय लागली की मूल आवाज काढायचं सोडतं.

चिमणी मात्र तुझ्या कार्डांत नसलेल्या खुणाही करते. पाण्यासाठी डाव्या हाताच्या पाठीवर उजवी मूठ दोनदा घासते. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली त्या मुलीनं, आणि स्वयंपाकघरातल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. शेजारची पोरं कमी होती म्हणून आता खुर्चीतलीही आली.

तब्येतीला जप. आमच्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


११ ऑगस्ट

चि. धाकटीस,
ताईचे अ. आ.

तुझ्या लाकडी बोटांचं वाचून शिक्षकांच्या खोलीत एकटीच हसत बसले. अठरा वर्षं बहिऱ्या मुलांना शिकवतेय, पण घरचीच विद्यार्थिनी इतकी ढ निघेल असं वाटलं नव्हतं.

समोरासमोर बसा. बोलणाऱ्याच्या तोंडावर आणि हातांवर उजेड हवा, खिडकी पाठीमागे नको. नुसतं कार्ड दाखवून शिकवू नकोस. पाणी पाजताना ‘पाणी’, बूट घालताना ‘बूट’. चुकलं तर हात धरून वळवायचे नाहीत, आपण एकदा बरोबर करून दाखवायचं आणि पुढे जायचं. डॉक्टर म्हणतात तसं माझ्या वर्गात तरी कधी झालेलं नाही. हात मोकळे झाले की माझी मुलं घसाही मोकळा करतात. मेहुण्यांना सांग, एकदा येऊन आमचा गोंगाट ऐका.

खुर्चीतल्या मुलीचं मनावर घेऊ नकोस. नवी भाषा आली की सरावाला कुणीतरी लागतंच, मुलं तेवढ्यापुरतं एक माणूसही तयार करतात.

चिमणी मूठ घासते तेव्हा बोटांची पेरं खाली असतात की करंगळीची कड? सहज विचारतेय.

तुला आणि पोरांना पोटभर आशीर्वाद.

ताई


२३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

करंगळीची कड. तू हे का विचारलंस ते आता सांग, कारण मला भीती वाटायला लागली आहे.

मंगळवारी दुपारी दुकानातून आले तर चिमणी ती खुर्ची ओढत होती. खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची तिनं अर्धी फिरवली, बसणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल अशी. उजेडाचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मग ती समोर स्टुलावर बसली. ताई, ती एकटी खेळत नव्हती. एकटं खेळणारं मूल आपल्या मर्जीनं थांबतं. ही थांबायची, हिची नजर हवेत वरखाली फिरायची, तुझे हात बघताना फिरेल तशी, आणि मग ही हसायची. एकदा न कळल्यासारखी मान हलवून तिनं ‘पुन्हा’ अशी खूण केली, आणि परत नीट बघितलं. बाळ खाली सतरंजीवर होता. तोही बघत होता. चिमणीकडे नाही, खुर्चीकडे.

ती मुलगी काय म्हणतेय, असं मी विचारलं. चिमणी म्हणाली, ‘आता नाही बोलणार. बाबा आले की ती हातांवर बसते.’ मिनिटभरानं जिन्यात ह्यांची पावलं वाजली.

तुझ्यासाठीही तिच्याकडे खूण आहे. कानाची पाळी चिमटीत धरायची आणि गाल फुगवायचे. ही मावशी, आणि ती कधी येणार असं मुलगी विचारते म्हणे. तुझे गाल आठवून मी आधी हसले. मग लक्षात आलं, चिमणीनं तुला शेवटचं पाहिलं तेव्हा ती अकरा महिन्यांची होती.

ह्यांनी सगळं बंद करायला सांगितलं. कार्डं कपाटावर गेली. काल चिमणीचे हात पुन्हा हलायला लागले, तेव्हा मीच तिला ते मांडीखाली ठेवायला लावले. तिचे हात दिसेनात तसा बाळ रडायला लागला, तो तासभर थांबेना. माझं चुकतंय का ते कळव.

धाकटी


२९ ऑगस्ट

चि. धाकटीस,

कार्डं आधी खाली काढ. बाकीचं मग वाच.

आपल्याआधीचं एक मूल पाळण्यातच तापानं गेलं, असं तुला सांगितलं गेलं ते खोटं आहे. ते मूल म्हणजे आपली थोरली बहीण, अक्का, आणि ती नऊ वर्षांची झाली. तेव्हा मी सात वर्षांची होते, तू दोन. ती जन्मापासून बहिरी होती. खुणा आम्ही दोघींनीच तयार केलेल्या. करंगळीची कड म्हणजे पाणी. कानाची पाळी आणि फुगवलेले गाल म्हणजे मी. त्या आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हत्या, आईलाही नाही.

हात आवरले की मूल बोलेल, असं बाबांना कुणीतरी सांगितलं होतं. ते घरात असले की अक्कानं हातांवर बसायचं. अक्कापुढे माझे हात हलले तर मीही.

ती बोलली नाही. मग तिला लांबच्या वसतिगृहात पाठवलं. मोटार निघाली तेव्हा मागच्या काचेतून तिनं मला एक खूण केली, आमच्यात कधी नसलेली. बाबा शेजारी उभे होते. मी हात पाठीमागे ठेवून उभी राहिले. तिसऱ्या आठवड्यात ती गेल्याचं कळलं. तिचे कपडे गेले, फोटो गेले, नाव घ्यायचं नाही असं ठरलं. ते मी आजवर पाळलं. त्याबद्दल तू मला काय बोलायचं ते बोल.

ती शेवटची खूण मला अजून कळलेली नाही. वर्गात नवीन मूल आलं की त्याच्या हातांत मी ती शोधते. ती कशी होती ते इथे लिहीत नाही, आणि तूही चिमणीला काही विचारू नकोस.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे. तरी हे लिहिताना दोनदा उठून मी खोलीतली खुर्ची उजेडाकडे फिरवली.

ताई


८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. चौतीस वर्षं मी तिघींतली धाकटी होते आणि दोघींतली म्हणून वाढले.

ह्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून कार्डं काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिमणीला विचारलं, ‘बाबा’ कसं म्हणायचं. चिमणी सांगते, तेव्हापासून ती मुलगी त्यांच्यादेखत हात वर ठेवते. ते ऐकून हे नुसते हसले.

शुक्रवारी बाळानं पेल्याकडे बघून डाव्या हातावर मूठ घासली. करंगळीची कड. त्याचा पहिला शब्द, आणि तो कार्डांतला नाही.

काल चिमणीनं खुर्ची उचलून जागेवर ठेवली. ती मुलगी मावशीकडे गेली म्हणाली. जाताना तिनं काय केलं ते दाखवलं: दोन बोटं ओठांवरून खांद्यामागे नेली, मग तळवा उघडा पुढे धरला, कुणी त्यावर काही ठेवावं तसा. मी काही विचारलं नाही. तिनंच सांगितलं, याचा अर्थ ‘मग सांग’. म्हणजे मी नसताना जे जे होईल ते सगळं, मग मला सांग.

तीच आहे का, ताई?

धाकटी


१५ सप्टेंबर

चि. धाकटीस,
ताईचे अ. आ.

तीच.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं. मुलं आत येऊन बसली. फळ्यावर तारीख लिहून वळले, तर सातही मुलं माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डाव्या खांद्यामागे, खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत होती, आणि त्यांच्या नजरा वरखाली होत होत्या. पुढच्या बाकावरच्या मुलीनं मला खुणेनं विचारलं, ती केव्हाची थांबलीय, तुम्ही सांगत का नाही.

मला काही दिसलं नाही, हे खरं तेच लिहिते. खुर्ची होती, तिच्यावर ऊन होतं. मी खडू ठेवला आणि मोटार वळली तिथपासून सुरुवात केली. बाबा दारात किती वेळ उभे होते ते सांगितलं. तू महिनाभर तिच्या पलंगाखाली वाकून बघायचीस, ते सांगितलं.

आमच्या खुणा लवकरच संपल्या. दोन लहान मुलींना लागतील तेवढ्याच होत्या त्या. पुढचं मला शाळेच्या खुणांनी सांगावं लागलं, आणि त्या तिला कुठून येणार? पण मी अडले की मुलं खुर्चीकडे वळायची आणि माझी खूण तिला सावकाश करून दाखवायची. एकदा, दोनदा. मग मान हलवून मला म्हणायची, कळलं तिला, पुढे.

अजून तुझ्या लग्नापर्यंतच आलेय. उद्या साडेनऊला वर्ग भरतो.

पोरांना आणि मेहुण्यांना आम्हा दोघींचे आशीर्वाद.

ताई