पारसची मशीनगन

कारंजा (लाड),
पौष वद्य पंचमी

आदरणीय इंद्रभानभाऊ यांस पूनमचंदचा जय जिनेंद्र आणि रामराम. (एक आमच्याकडचा, एक तुमच्याकडचा, दोन्ही ठेवून घ्या.)

तुमचा गुडघा कसा आहे? प्रयागवहिनींचा खोकला थांबला का? धनजला तूर शेंगांवर आली असेल. इकडे कंचनची शुगर औषधात आहे, मी दोन वेळा जेवतो, दुकान वेळेवर उघडतो. भेटेल तो हेच विचारतो, म्हणून तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकलं. फोन केला की आपण दोघंही "बाकी काय" म्हणतो आणि फोन ठेवतो, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

पारसला जाऊन (तुम्ही खांदा दिला, तुम्हाला काय सांगायचं) दोन महिने झाले असतील, तेव्हाची गोष्ट. दुपारी दुकानात एक बाई साड्या पाहत होती. पोस्टाच्या बेबीताई एक डबी अंगापासून हातभर लांब धरून पायऱ्या चढल्या आणि डबीवरचा इंग्रजी कागद त्यांनी गल्लीला ऐकू जाईल असा वाचला, "पूनमचंदजी, मशीनगन आली तुमची! एक नग. आन् गोळ्यायच्या पेट्या चार." इंद्रभानभाऊ, ज्या घरात बटाटा येत नाही, त्या घरी मशीनगन आली. समोरच्या ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. साडीवाली बाई हातातला पदर सोडून रस्त्यावर गेली आणि तिथूनच विचारू लागली की हाच रंग दुसऱ्या काठात मिळेल का. मी सही केली. डबीवर नाव पारसचं होतं.

आत कापसात करड्या रंगाचे तुकडे. बंदूक माझ्या करंगळीएवढी, पेट्या चवळीच्या दाण्याएवढ्या, पेटीची कडी जिऱ्याहून बारीक. तेव्हा उलगडलं. तुम्ही फौजेत चालवत होता तो रणगाडा पारस खोक्यात येणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांतून पस्तिसाव्या हिश्शाने बनवत होता, हे तुम्हाला माहीतच आहे. दर रविवारी धनजला येऊन तो तुमचं डोकं खायचा, मागे डबे किती होते, दोर कुठे बांधायचे. बाकी सगळं जमलं होतं, पण खोक्यातली प्लास्टिकची बंदूक त्याला पटत नव्हती. "बाबा, याची नळी भरीव आहे. खऱ्या बंदुकीले भोक असते." म्हणून त्याने रेझिनची, म्हणजे राळेसारखी ओतून केलेली, परदेशातून मागवली. मी भिंग लावून पाहिलं. नळीला भोक आहे, इंद्रभानभाऊ. सुईचं टोक जाईल एवढं.

आता एक सांगतो, ते वहिनींना वाचून दाखवू नका. तो रणगाडा दुकानाच्या काचेत ठेवू का, असं त्याने मला विचारलं होतं. मी म्हटलं, अहिंसेवाल्याच्या दुकानात तोफ? लोक काय म्हणतील? चौतीस वर्षांचा माणूस, वाद घातला नाही, खोकं उचलून माडीवर गेला. पुढे डेंग्यूचं निमित्त झालं. अकोल्याच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी त्याने डोळे उघडून विचारलं, "बाबा, पार्सल आलं काय?" सुरतेहून साड्यांच्या गाठी आल्या होत्या. मी म्हटलं, "आलं ना, कालच सोडवून आणलं." तो म्हणे, "तुटलं-फुटलं तं नाई ना काही?" साड्या काय फुटतात? मला वाटलं, तापात बोलून राह्यला. म्हटलं, "नाई रे, सगळं साबूत आहे." तो "बरं झालं" म्हणाला आणि डोळे मिटले. बेबीताईंच्या हातातली डबी पाहीपर्यंत मला कळलं नव्हतं, तो काय विचारत होता ते.

म्हणून बंदूक आपण बसवायची असं ठरवलं. (माझे हात तुम्हाला ठाऊक आहेत. शाळेत मातीचा बैल केला तर गुरुजींनी विचारलं होतं, हे वांगं कशाला आणलं.) माडीवर पारसच्या टेबलाशी बसलो. पाहतो तर बंदुकीची नळी प्रवासात वाकलेली. मोबाइलवर एका माणसाने सांगितलं की रेझिन गरम पाण्यात धरलं की नरम पडतं, मग सरळ करायचं. कंचनला खालून पाणी मागितलं. तिने पाणी गाळून, उकळून, पुन्हा गाळून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवलं. पोटचा मुलगा गेल्यापासून ती त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. जगात कुठल्याही फौजेची मशीनगन इतक्या शुद्ध पाण्यात न्हाली नसेल. नळी सरळ झाली.

मग चिकटवणं. प्लास्टिकचा डिंक रेझिनला चालत नाही, दुसरा लागतो, तो एका क्षणात धरतो. एका पेटीची कडी निसटली. ती शोधायला मी ओणवा झालो, चष्मा घसरला, मी तो सावरला, आणि बोट चष्म्याला चिकटलं. सोडवायला दुसरा हात लावला, तोही चिकटला. दोन्ही हात कानाशी लावून मी ओरडलो. कंचन धावत वर आली, सरळ आत. मला पाहिलं आणि हसली. इंद्रभानभाऊ, पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसली. हसता हसता खाली बसली, आणि मग बराच वेळ रडली. मला तिचे डोळे पुसता येईनात, माझे हात माझ्याच चष्म्यात. शेवटी तिनेच खोबरेल तेल आणून एकेक बोट सोडवलं. कडी माझ्या कोपराला चिकटलेली निघाली, तीही तिनेच काढली. म्हणे, "आता मले सांगा, हे कुठी बसते."

तर काम एवढंच आहे. रणगाडा रस्त्याने चालताना वरची बंदूक पुढे तोंड करून असते की मागे? पारसच्या पुस्तकात एका फोटोत पुढे आहे, एकात मागे. तुम्ही चालवला आहे, तुम्हीच नक्की काय ते कळवा.

तुमचा,
पूनमचंद

ता. क. : कळवू नका, स्वतःच या. वहिनींनाही आणा. येताना तुरीच्या हिरव्या शेंगा आणल्या तर कंचन उकडून देईल.

ता. क. २ : भाऊ, खोटं कायले बोलू. बंदूक सोमवारीच बसवली, तोंड पुढं करून. पेट्याही बसल्या. आता काहीच बाकी नाई. पण कंचन रोज दुपारी माडीवर येते, टेबलापाशी बसते, आन् विचारते, "आता काय राह्यलं?" मी म्हणतो, इंद्रभानभाऊले विचारा लागते. तवा तुमी आले की भिंग लावून नीट पाहा, जरा येळ घ्या, आन् तिच्यादेखत सांगा की अजून बरंच काम हाय.