पेल्याखालचा तुकडा

माय, गोळीचा उरलेला तुकडा तू देवळीत स्टीलच्या पेल्याखाली झाकून ठेवायचीस. दिवेलागणीला पेला उचलायचीस, तुकडा बघायचीस आणि परत झाकायचीस. त्या बघण्याच्या आणि झाकण्याच्या मध्ये तू स्वतःला काय सांगायचीस? घरातली पहिली पदवी माझी, पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता विचारायचं तरी कुणाला?

उसाच्या फडात तुझ्या कोयत्याची बरोबरी करायला गडी माणसंही धजत नसत, असं आबा, माझे वडील, अजून सांगतात. मग त्या हंगामात भरलेली ट्रॉली वळणावर उलटली. तू आणि मावशी मोळ्यांवर बसून कोपीकडे, आपल्या पाचटाच्या झोपडीकडे, निघाला होतात. तुला उसाखालून ओढून काढलं. तुझी धाकटी बहीण सापडली तेव्हा तिच्यात जीव नव्हता. त्यानंतर कुठेही ट्रॅक्टरचा आवाज आला की तुझी भाकरी परातीत अर्धीच राहायची. बोटं वाकडी व्हायची, पाठ घामानं भिजायची. झोप तर गेलीच. कारखान्याजवळच्या डॉक्टरनं थोड्या दिवसांपुरती झोपेची गोळी दिली आणि तुला झोप लागली. त्या झोपेसाठी मी आजही त्याला बोल लावत नाही.

पण आपल्याकडे डॉक्टरची चिठ्ठी हरवते, रिकामं पाकीट मात्र कुणी टाकत नाही. तू ते घडी घालून चंचीत ठेवायचीस, सुपारीशेजारी. बाजारच्या दिवशी मी तुझं बोट धरून मेडिकलसमोर उभी आहे आणि दुकानदार विचारतो, "मावशी, डॉक्टरला परत दाखवलं का?"

"दाखवलं की. त्यानंच तर हे पाकीट दिलंय. का पाकीट बी खोटं बोलतंय?"

तो हसतो आणि नवीन पाकीट काढून देतो. गाव बदललं, कारखाना बदलला, तरी पाकीट दाखवलं की गोळी मिळत गेली. एकीच्या दोन झाल्या. मी कॉलेजात जाऊ लागले तोवर गोळी नसली तर तुला चुलीपुढं बसवत नव्हतं.

एक दिवस आबांचा संयम सुटला. "कशापायी खातीस सारखी? नशा लागली काय तुला?" म्हणत त्यांनी सगळी पाकिटं चुलीत टाकली. थोड्याच दिवसांत तू थरथरायला लागलीस आणि भर दुपारी दातखीळ बसून अंगणात पडलीस. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं हाय. आबा तेव्हा इतके घाबरले की अनवाणीच जीप बघायला पळाले. तालुक्याच्या दवाखान्यातल्या मॅडमनी त्यांना बाजूला नेलं नाही, तुझ्यासमोरच बोलल्या. "गोळी यांनी चोरून खाल्लेली नाही, डॉक्टरनंच दिली होती. ती अशी एकदम तोडली तर जीव जाऊ शकतो. हळूहळू उतरवायची, मी सांगेन तशी. आणि अपघाताचा हा जो धसका बसलाय ना, तोही आजारच आहे. त्यावरही इलाज करू."

 तू विचारलंस, "म्हंजे मी येडी न्हाई?"

"नाही हो."

आबांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. खरं तर डोळे पुसले.

त्या दिवसापासून तू विळीवर बसू लागलीस. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे गोळीचा कोपरा पात्यावर टेकवून हलकेच दाबायचीस. भुकटी सांडली तर बोट ओलं करून उचलायचीस. "पोरी, उसाचं कांडं एका घावात पडायचं माझ्या. ह्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळीनं लई घाम फोडला बघ!" असं म्हणून हसायचीस.  काही आठवडे तसेच ढकलले. कधी मॅडम म्हणायच्या, या महिन्यात आणखी कमी करायला नको, थांबू. तू थांबायचीस. मग पुन्हा पातं. पेल्याखालचा कोपरा मोठा होत गेला, खायचा तुकडा लहान होत गेला. मी समोर बसून अभ्यास करायचे, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून तुला बघायचे.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला एसटी आलीच नाही. गावातून तालुक्याला जाणारी एकच गाडी होती, शेजारच्या काकांची रिकामी ट्रॉली, आणि तीत सगळे बाप्ये, एकटी कशी जाणार? मी म्हणाले, जाऊ दे, पेपर पुढच्या वेळी देईन.  तू पदर खोचलास, चाकावर पाय दिलास आणि चढलीस. अपघातानंतर तू हंगामालाही एसटीनंच जायचीस; तुझा पाय ट्रॉलीला लागला तो त्या दिवशी पहिल्यांदा. ट्रॅक्टर सुरू झाला तशी तुझी बोटं लोखंडी फळीवर पांढरी पडली. प्रत्येक वळणाला तू पुटपुटत होतीस, "धाकटे, धर मला. धाकटे, धर." मी बघते आहे हे कळल्यावर तू डोळे न हलवता म्हणालीस, "तू पुस्तकात बघ. माझ्याकडं नको बघू." माय, मी तुझ्याकडेच बघत होते. इतकं घाबरलेलं आणि इतकं ताठ माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

निकाल लागला आणि त्याच हिवाळ्यात तुझ्या छातीत कळ आली. जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग हलत नव्हती. तिथेच तू गेलीस.

आता मी तोडकऱ्यांच्या लेकरांच्या वसतिगृहात काम करते. ही मुलं ट्रॉलीत न बसता शाळेत बसावीत, एवढ्यासाठी मी हे काम घेतलं. पण हंगाम लागतो, त्यांच्या आयांना न्यायला ट्रॅक्टर येतात, मुलं रडतात, आणि माझी बोटं वाकडी होतात. गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरती गोळी दिली. ते दिवस कधीच संपले. माझ्या पर्समध्ये रिकामं पाकीट असतं, माय. त्यावरचं नाव मला वाचता येतं, एवढाच तुझ्या-माझ्यात फरक.

परवा वसतिगृहात एका मुलीनं माझा हात धरला. "ताई, तुमाला बी भ्या वाटतं का?" मी हो म्हणाले. ती जवळ सरकून बसली. बोलून टाकल्यावर काहीच कोसळलं नाही, हे मला नवीन होतं.

काल मी तुझ्याच दवाखान्यात गेले. त्या मॅडम आता तिथे नाहीत, दुसरे डॉक्टर आहेत. सगळी पाकिटं त्यांच्या टेबलावर ठेवली आणि खरं काय ते सांगितलं. जीपचंही सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी. त्यांनी गोळी हळूहळू कशी उतरवायची ते समजावलं, बोलायला पुन्हा बोलावलं.

आज तुझी विळी काढली. कोपरा वाकडा तुटला, तुझ्यासारखा सरळ नाही. तो तुझ्याच पेल्याखाली आहे. मघाशी मी पेला उचलून बघितला. मग परत झाकला.