मुरमाच्या खड्ड्यातला हत्ती

बाबा, तुम्हाले हसू येईल, पण मी आता रविवारी लोकाइले सायकलीवर फिरवून राह्यली. नोकरी संपल्यावर घरात बसून भिंती किती पाहायच्या, म्हणून सुरू केलं. पिपरी मेघेहून उजाडता उजाडता निघायचं, पवनारले धामच्या पुलावर थांबायचं, नदीकाठचा आश्रम अन् तिथं जमिनीतून निघालेल्या जुन्या मूर्ती पाहायच्या. मग सेलूत तर्री-पोहे, पुढं केळझरचा किल्ला, अन् तिथून आडवाटेनं हिंगणीवरून बोर धरण. पार नागपूरहून लोक येतात, गियरच्या सायकली घेऊन. तुम्ही असते तर नमस्काराच्या आधी त्याइचं चाक फिरवून कान लावला असता.

रस्ता तुमचाच आहे. स्टेशनजवळ आपलं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, अन् तुमचा नियम असा का दुरुस्त केलेली सायकल लांबवर चालवून पाहिल्याबिगर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. आठवडाभराची ट्रायल रविवारी निघे. म्हणून आपल्या घरची सायकल कधी नव्हती, अन् तुमच्या बुडाखाली मात्र दर रविवारी वेगळी सीट. मी दुकानातल्या भाड्याच्या लहान सायकलीवर तुमच्या मागं. एकदा पवनारच्या पुलावर एका मास्तरनं तुमच्या बुडाखालची स्वतःची सायकल ओळखली अन् ते पाहतच राह्यले. दुसरा कोणी शरमेनं पाणी पाणी झाला असता. तुम्ही टोपी सारखी केली अन् म्हटलं, "मास्तर, ट्रायल सुरू हाये." मास्तर बिचारे संध्याकाळी दुकानात येतो म्हणाले अन् पायी पायी निघाले. मी हसून हसून बेजार झाली होती.

हिंगणीच्या पुढं तो चढ लागतो ना, तिथं मी रडकुंडीले येई. रस्त्याच्या कडेले मोठा खड्डा आहे. तिथं पोचलो का तुम्ही सुरू करत: केळझरच्या राणीचा हत्ती इथं रुसून बसला होता. राणीनं गूळ दिला, ऊस दिला, हत्ती ढिम्म. बसून बसून त्याच्या बुडाखालची जमीन खचली. पुढं काय झालं ते मात्र वर चढल्यावर. दर खेपेले हत्ती वेगळ्याच खाऊवर राजी होई, अन् मले त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी कॉलेजात असताना तुम्ही गेले. तुमचा धड फोटोही नाही आपल्याकडं. जे आहे ते या गोष्टीच. म्हणून मी त्या खड्ड्यापाशी प्रत्येक टोळीले थांबवून हत्ती सांगत आली, इतिहास म्हणून, अगदी गंभीर तोंडानं.

मागच्या महिन्यात एक बाई आल्या होत्या. कॉलेजात जुन्या वास्तूंचा इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, पण सायकल पोरीवानी चालवत. त्याइनं सगळं ऐकून घेतलं, मग मले बाजूले घेऊन हळूच म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. हा खड्डा मुरमाचा आहे. धरणाच्या भिंतीसाठी इथून मुरूम काढला होता."

म्हणजे तो खड्डा तुमच्यापेक्षाही लहान! तुम्ही जवान असताना खणलेला. तुम्ही या रस्त्यानं येता-जाता तो खणताना पाहिलाच असणार. तुमची चूक असती तर मी पोटात घातली असती, पण तुम्ही तर जाणूनबुजून थापा मारल्या. तुमचा असा राग आला मले, विचारू नका. मग पवनारच्या मूर्तींची तुम्ही सांगितलेली गोष्ट आठवली, केळझरच्या किल्ल्याची आठवली. हे सगळंच खोटं असलं तर माह्यापाशी तुमचं राह्यलं काय? घरी आल्याबरोबर आईपाशी गेली.

आईले आता कमी ऐकू येते. ती मेथी निवडत बसली होती. बाबा मले खोटं काऊन सांगत, असं मी ओरडूनच विचारलं. तिनं मेथीवरची नजरही काढली नाही.

"त्याइले इतिहास कुठं येत होता?" ती म्हणाली. "चौथीतच शाळा सुटली. तू चढावर रडे, घरी चाला म्हणे. गोष्ट सुरू झाली का तुले पाय दुखल्याचं ध्यानच राहे ना. शनिवारी जेवताना मलेच विचारत, उद्या हत्तीले काय खाऊ घालू वं?"

मी तिच्या बाजूले बसली, मेथीची एक जुडी घेतली अन् खूप रडली. ती म्हणे, मेथी ओली करू नको.

पुढच्या रविवारी मी खड्ड्यापाशी खरं ते सांगितलं. मुरूम, धरण, भिंत. लोकाइनं माना हलवल्या, फोटो एकानंही काढला नाही. चढावर बँकेतले एक जाडसर साहेब उतरले अन् टेम्पो बोलवा म्हणाले. मी त्याइच्या बाजूनं सायकल घेतली अन् सुरू केलं: एक सायकलवाला होता. लोकाच्या सायकलीवर बसून पोरीले इतिहास दाखवाले न्यायचा, अन् त्याले इतिहास येत नव्हता. साहेब म्हणाले, "मग?" मी म्हटलं, वर चला, सांगते. चढले की हो! धापा टाकत, पण सीटवर बसून चढले.

हे पत्र कोणत्या पेटीत टाकू, बाबा? राहू द्या इथंच, आईच्या उशाशी. फक्त एक सांगून टाकते. त्या चढावर माह्याआधी तुम्हीच उतरत होते. चेन पाहतो म्हणत, घामाघूम, हातानं सायकल ढकलत हत्ती सांगत. साहेबाले मी हे नाही सांगितलं. माह्या गोष्टीत तुम्ही कधीच उतरत नाही.